बोंडात बी होतं : लेडहिल्सच्या ओढ्याकाठच्या पिवळ्या फुलाची ओळख

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत, साउथ लॅनार्कशायरमध्ये लेडहिल्स नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या नावातच शिसं आहे. एके काळी इथे शिशाच्या खाणी चालत. जवळून शॉर्टक्लूख वॉटर नावाचा ओढा वाहतो. या ओढ्याच्या काठाला, मुळं ओल्या गाळात रोवून, एक हातभर उंचीची वनस्पती वाढते. फुलं पिवळीधमक, घशात तांबडे ठिपके, दोन ओठांत फाकलेली. ब्रिटनमध्ये ओढेनाले पालथे घालणाऱ्या कुणालाही ते फूल परकं वाटणार नाही. 'माकडफूल' म्हणून दीडशे-दोनशे वर्षं ते तिथे नांदतं आहे.

तरीही २०१२ साली स्टर्लिंग विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मारियो व्हाय्येहो-मारीन यांनी या काठावरच्या झाडांना एका नव्या जातीचं नाव दिलं : मिम्युलस पेरेग्रिनस. जगात तोवर कुणी न नोंदवलेली जात, आणि तीही कुठल्या दुर्गम अरण्यात नव्हे, तर ज्या देशातली पानं-फुलं शतकानुशतकं मोजली, दाबली, चिकटवली गेली आहेत अशा देशात. चेहरा ओळखीचा असलेलं फूल अनोळखी कसं निघालं, याचा हा अभ्यास. मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं, कारण फूल ओळखताना आपण कुठे थांबतो आणि कुठे थांबू नये, हे त्यात लख्ख दिसतं.

आधी गर्दीतून वेगळं काढणं

ओलसर जागी पिवळं फूल दिसलं की पहिली चूक रंगावर भिस्त ठेवण्याची होते. पिवळा रंग काहीच सांगत नाही. त्याच देशात, तशाच चिखलात मार्श मॅरिगोल्ड फुलतं, बटरकपच्या दोन-चार जाती फुलतात, पिवळी लायसिमाकिया फुलते. ही सगळी तिथलीच, मूळची. पण त्यांचं फूल वाटोळं असतं. मधोमध कुठूनही रेघ मारली तरी दोन सारखे भाग पडतात. माकडफुलाचं तसं नाही. त्याला वर दोन आणि खाली तीन पाळ्यांचे ओठ असतात आणि मागे नळी असते. उभी रेघ मारली तरच डावं-उजवं जुळतं. पानं समोरासमोर जोडीनं येतात, कडा दातेरी असतात, आणि निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचा हिरवा पेला, पाच कोनांच्या घंटेसारखा असतो. फुलात डोकावलं तर कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाला, दोन पाळ्या दिसतात. त्यांना गवताच्या काडीनं हळूच स्पर्श केला तर त्या बघता बघता मिटतात. परागकण घेऊन कीटक आला की असंच होतं. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

इथवर पोचायला पाच मिनिटं लागतात. खरी अडचण पुढे आहे, कारण ब्रिटनच्या ओढ्यांवर माकडफूल एक नाही.

दोन पाहुणे

पहिलं मिम्युलस गुटॅटस. हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचं, मेक्सिकोपासून थेट अलास्कापर्यंत पसरलेलं. युरोपात ते आलं ते रशियन मोहिमेबरोबर गेलेल्या लांग्सडॉर्फ या निसर्गअभ्यासकामुळे. त्यानं अल्युशियन बेटांमधल्या उनालास्कावरून ते गोळा केलं, रशियातल्या बागेत त्याची लागवड झाली आणि तिथून ते ब्रिटनच्या बागांत पोचलं. अलीकडे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा ब्रिटनमधली झाडं उत्तर पॅसिफिककडच्या झाडांशी जवळची निघाली. कागदोपत्री नोंदीला रोपट्यानंच दुजोरा दिला म्हणायचा.

१८१२ साली ब्रिटनमध्ये या फुलाचं रंगीत चित्र छापलं गेलं आणि त्याखाली नाव पडलं मिम्युलस ल्युटियस. ते नाव चुकीचं होतं. ल्युटियस हे नाव वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं १७६३ सालीच दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्या जातीला दिलेलं होतं. पुढच्याच वर्षी, १८१३ मध्ये, दे कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं उत्तरेकडच्या झाडाला गुटॅटस, म्हणजे ठिपक्यांचं, हे नाव छापलं. म्हणजे या फुलाची ब्रिटनमधली कहाणीच चुकीच्या ओळखीनं सुरू झाली आणि गोंधळ तेव्हापासून त्याला चिकटला तो चिकटलाच.

दुसरा पाहुणा म्हणजे तो खरा ल्युटियस, चिले आणि आसपासच्या अँडीज पर्वतातला. हाही एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात बागांसाठीच आणला गेला. दोघांनाही पायाखाली पाणी लागतं. दोघांची खोडं जमिनीलगत पसरतात आणि पेरांना मुळं फुटतात. ओढ्याला लोंढा आला की खोडाचे तुकडे मोडून वाहत जातात आणि खाली कुठे गाळात अडकले की तिथे नवं झाड उभं राहतं. बागेच्या कुंपणाबाहेर पडायला याहून सोपी वाट नाही.

एकाच प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या मिम्युलस या गटातल्या, या दोन जाती पृथ्वीच्या दोन गोलार्धांत वाढत होत्या. मधे हजारो किलोमीटर. त्या एकमेकींना भेटण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनच्या बागांनी त्यांना शेजारी आणून ठेवलं.

दोघांतला फरक सांगता येतो, पण हातात फूल धरूनच. गुटॅटसच्या निदलपुंजावर आणि फुलाच्या देठावर बारीक लव असते. ल्युटियसचा देठ आणि निदलपुंज गुळगुळीत. गुटॅटसच्या खालच्या ओठावर दोन फुगीर उंचवटे असतात आणि ते घसा जवळजवळ बंद करून टाकतात. ल्युटियसचा घसा उघडा. गुटॅटसचे तांबडे ठिपके बारीक आणि घशापुरते. ल्युटियसच्या पाकळ्यांच्या पाळ्यांवर बहुधा मोठाले तांबडे डाग पडलेले. यातली कुठली खूण आधी बघावी असं मला विचाराल तर मी लव म्हणेन. डाग फसवतात. बागेतल्या माळ्यांनी डागांसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवड केलेली असते, त्यामुळे डागांचा नेम राहत नाही. लव कुणी निवडत बसत नाही.

(तिसरंही एक पिवळं माकडफूल तिथे भेटतं, मिम्युलस मॉस्केटस, उत्तर अमेरिकेतलंच. ते लहान, फिकट आणि सर्वांगानं चिकट असतं. हात लावला की निवाडा होतो, म्हणून त्याला इथेच सोडतो.)

वांझ संकर

शेजारी आलेल्या दोन जातींनी जे व्हायचं ते केलं. त्यांचा संकर झाला. एकोणिसाव्या शतकातच तो बागेबाहेर, ओढ्यांवर वाढू लागला होता. त्याची नीट उकल व्हायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. आर. एच. रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये ब्रिटनमधल्या या संकरांवर लिहिलं, मॅकआर्थर यांनी १९७४ मध्ये गुणसूत्रांचा हिशेब मांडला, आणि १९९० मध्ये सिल्व्हरसाइड यांनी रॉबर्ट्स यांच्या सन्मानार्थ संकराला मिम्युलस रॉबर्ट्सी हे नाव दिलं.

हा संकर दिसायला मधला. लव आहे पण विरळ. डाग आहेत, कधी घशात, कधी पाळ्यांवर. फूल टपोरं. आणि झाड वांझ. बोंड धरतं, पण ते पोचट असतं. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली रंग लावून पाहिले तर बहुतेक सुरकुतलेले, रिकामे दिसतात.

वांझपणाचं कारण आकड्यांत आहे. गुटॅटसच्या पेशीत २८ गुणसूत्रं असतात. ल्युटियसच्या पेशीत ६० ते ६२. त्याच्या पूर्वजात फार पूर्वी गुणसूत्रांचे संच दुप्पट झालेले आहेत. परागकणात किंवा बीजांडात निम्मी जातात, म्हणजे एकीकडून १४ आणि दुसरीकडून ३० किंवा ३१. म्हणजे संकराच्या पेशीत हिशेबानं ४४-४५ यायला हवीत; प्रत्यक्ष मोजणी भरते ४४ ते ४६. पुनरुत्पादक पेशी तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधून त्याच्याशेजारी उभं राहावं लागतं. इथे गुटॅटसचा एक आणि ल्युटियसचे दोन असे तीन संच आहेत. काहींना जोडीदार आहे, काहींना नाही. वाटणी विस्कटते आणि पराग फुकट जातो.

तरीही रॉबर्ट्सी ब्रिटनमध्ये दूरवर पसरलेला आहे, तो खोडाच्या तुकड्यांवर. बी नाही म्हणून त्याचं काही अडलं नाही. या गोष्टीचं मला पहिल्यांदा वाचताना खरोखर नवल वाटलं होतं : ज्याला एकही धड बी होत नाही असं झाड ओढ्यामागून ओढा काबीज करत जातं. पण वंशाच्या दृष्टीनं हा बंद रस्ता. तुकड्यातून उगवलेलं झाड म्हणजे तेच झाड पुन्हा. म्हणूनच रॉबर्ट्सी हे एका नव्या जातीचं पहिलं पाऊल आहे, असं त्याच्याकडे बघून कुणाला वाटणार नाही.

लेडहिल्सचं झाड

आता पुन्हा शॉर्टक्लूख वॉटरच्या काठावर येऊ.

इथल्या झाडांचं फूल पाहिलं तर बघणारा निःशंकपणे 'रॉबर्ट्सी' म्हणून वहीत नोंद करील. रूप गुटॅटस आणि ल्युटियसच्या मधलं. ठिपके तेच, ओठ तेच. फुलं असतानाच पाहून पुढे गेलं तर प्रकरण तिथेच मिटतं, आणि कितीतरी ठिकाणी ते तसंच मिटलं असेल.

पण या झाडांच्या बोंडांत बी होतं. परागही भरलेले, रंग धरणारे होते. रॉबर्ट्सीच्या बाबतीत हे जमत नाही. चेहरा वांझ संकराचा आणि बोंड भरलेलं, हा विरोध म्हणजेच हे प्रकरण.

अशा वेळी घाईनं नवी जात जाहीर करणं चूक ठरलं असतं. साधे अर्थही संभवत होते. हा डाग जास्त पडलेला शुद्ध गुटॅटसच नसेल कशावरून? संकराला एखाददुसरं जिवंत बी झालं आणि त्याचा पुन्हा एखाद्या पालकजातीशी संयोग झाला, असंही असू शकतं. शिवाय तांबूस फुलांच्या आणखी एका चिलेच्या माकडफुलाचे बागेतले संकर ब्रिटनमध्ये वावरतात, त्यांपैकी हा एखादा असेल. या तिन्ही शंकांना फुलाकडे टक लावून बघत बसल्यानं उत्तर मिळत नाही. डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्या खुणा तिन्हींशी कुठे ना कुठे जुळवून घेता येतात.

उत्तर दिलं ते गुणसूत्रांच्या मोजणीनं. आकडा आला ९२.

हा आकडा स्वतःच बोलतो. ९२ म्हणजे ४६ची दुप्पट. गुटॅटसचे २८ यापासून कुठल्या कुठे राहिले. पालकजातीशी पुन्हा संयोग झाला असता तर मधलीच कुठलीतरी विस्कळीत संख्या निघाली असती. संकराच्या पेशीतला सगळा संचच दुप्पट झाला, असं मानलं तर मात्र सगळं जागच्या जागी बसतं. तीन संचांचे सहा झाले. प्रत्येक गुणसूत्राला आता तंतोतंत जुळणारा जोडीदार मिळाला, वाटणी सुरळीत झाली, पराग भरले, बी धरलं. वांझपणाचं जे कारण होतं तेच नाहीसं झालं.

आणि याच्या जोडीला आणखी दोन खुणा होत्या. परागकण आकारानं मोठे होते आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची हवेची बारीक छिद्रं, हीही मोठी होती. पेशीतला वारसा दुप्पट झाला की पेशी बहुधा थोराड होते, हे इतर वनस्पतींतही दिसतं. एकट्या पर्णरंध्रावर मी जात ठरवणार नाही. पण मोजणी, भरलेले पराग, भरलेलं बोंड आणि थोराड पेशी असे चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की ऐकावंच लागतं.

संच दुप्पट होणं म्हणजे रातोरात भिंत उभी राहणं. नव्या झाडाचा पालकजातींशी संयोग झाला तरी पुन्हा संचांचा तोल बिघडतो आणि संतती नापीक निघते. आपसांत मात्र ती सुपीक. जात म्हणून वेगळं धरायला अजून काय हवं? एरवी नवी जात घडायला हजारो-लाखो वर्षं लागतात असं आपण शिकतो. इथे संकर बागेबाहेर आला तो एकोणिसाव्या शतकात, म्हणजे हा सगळा व्यवहार साधारण गेल्या १४० वर्षांतला.

दुसरा जन्म

एका ओढ्यावर एकदा घडलेला अपघात म्हणून हे बाजूला ठेवता आलं असतं. पण व्हाय्येहो-मारीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑर्कनी बेटांवरही अशीच झाडं सापडली, लेडहिल्सपासून सरळ रेषेत जवळपास ४०० किलोमीटर उत्तरेला आणि मधे समुद्र.

पहिला विचार येतो तो हाच की लेडहिल्सचं बी कुठल्यातरी मार्गानं तिकडे गेलं असेल. ते तपासायला त्यांनी जीनोममधल्या, म्हणजे झाडाच्या सगळ्या जनुकीय वारशातल्या, सुमारे १२०० जनुकीय भागांचं खोलवर वाचन केलं. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पेरेग्रिनसचे मूळ पालक गुटॅटस आणि ल्युटियसच, आणि मधला दुवा रॉबर्ट्सीच, हे त्यातून पक्कं झालं. पण ऑर्कनीची झाडं लेडहिल्सहून आलेली नव्हती. ती ऑर्कनीतल्याच रॉबर्ट्सीपासून, संच स्वतंत्रपणे दुप्पट होऊन निपजली होती. एकच जात दोन ठिकाणी, दोन वेळा जन्मली.

माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचं हे सगळ्यात भारदस्त पान आहे. मुख्य भूमीवरचं पेरेग्रिनस आणि ऑर्कनीचं पेरेग्रिनस यांना समाईक पेरेग्रिनस पूर्वजच नाही. रक्ताच्या नात्यानं पाहिलं तर लेडहिल्सचं झाड आपल्या शेजारच्या वांझ संकराला अधिक जवळचं. तरी आपण दोघांना एका नावाखाली ठेवतो, कारण दोघांची घडण एकच आणि आकडा एकच. जातीची जी व्याख्या आपण शाळेत घोकली ती इथे जरा ताणावी लागते. हे ओढूनताणून केलेलं आहे असं मला वाटत नाही. अमेरिकेच्या वायव्य भागात ट्रॅगोपोगॉन या युरोपातून गेलेल्या रानफुलांच्या संकरांतून ज्या दोन नव्या जाती निपजल्या, १९५० साली वर्णिल्या गेल्या, त्यांचेही असे अनेक स्वतंत्र जन्म नोंदले गेले आहेत. वेल्समधला सेनेशिओ कँब्रेन्सिस हादेखील असाच, आणलेल्या आणि मूळच्या जातींच्या संकरातून संच दुप्पट होऊन झालेला, आणि फूल पुन्हा पिवळंच.

पुढे २०१७ मध्ये पेरेग्रिनसच्या पेशीत कुणाची जनुकं जास्त बोलतात याचा शोध घेतला गेला. ल्युटियसकडून आलेल्या संचाचा वरचष्मा दिसला, आणि तो संकर होताक्षणीच सुरू होऊन पुढच्या पिढ्यांत वाढत जातो असं आढळलं. एरवी लाखो वर्षांपूर्वी घडून गेलेल्या गोष्टी इथे चालू असताना पाहता येतात. त्यासाठी ओल्या काठावर वाकावं लागतं, एवढंच.

नावाचा प्रश्न, आणि परकेपणाचा

ज्या २०१२ साली पेरेग्रिनस हे नाव पडलं, त्याच वर्षी वर्गीकरणाच्या एका कामात बहुतेक माकडफुलं मिम्युलसमधून काढून एरिथ्रँथे या प्रजातीत टाकण्यात आली. त्यामुळे हेच झाड काही ठिकाणी एरिथ्रँथे पेरेग्रिना म्हणून भेटेल. जनुकशास्त्रात काम करणाऱ्या अनेकांनी २०१९ मध्ये जुनं मिम्युलस नावच चालू ठेवावं अशी बाजू मांडली. वाचणाऱ्यानं दोन्ही नावं एकाच झाडाची समजावीत. मी जुनं वापरलं आहे ते मूळ वर्णन त्या नावानं झालं म्हणून.

त्याहून अवघड प्रश्न वेगळा आहे. पेरेग्रिनस या लॅटिन शब्दाचा अर्थ परदेशी, भटका. दोन्ही पालक परदेशातून आलेले, म्हणून नाव समजण्यासारखं आहे. पण हे झाड स्वतः कुठून आलं? कुठूनही नाही. ते स्कॉटलंडच्या काठांवर जन्मलं. अमेरिकेत ते नाही, चिलेत नाही. 'आणलेली' आणि 'मूळची' असे दोन रकाने असलेल्या यादीत ते नेमकं कुठे लिहायचं?

मी ते 'आणलेली'मध्ये डोळे मिटून लिहिणार नाही. आणलं होतं ते दोघांना; तिसऱ्याला कुणी आणलं नाही. त्याच वेळी त्याला 'मूळचं' म्हणून बाकीच्या रानफुलांच्या पंक्तीला बसवायलाही मन धजत नाही. माणसानं दोन गोलार्धांतल्या जाती एका वाफ्यात लावल्या नसत्या तर हे झाड झालं नसतं, आणि पालकांची ओढ्याकाठी दाटी करून वाढण्याची सवय त्याच्यातही उतरलेली असणार. माझ्या मते इथे रकाना वाढवावा आणि 'आणलेल्या जातींपासून इथेच निपजलेली' असं सरळ लिहावं. शब्द जास्त झाले तरी चालतील. पुढे या झाडाचं काय करायचं, राखायचं की आवरायचं, हे ठरवणाऱ्याला निदान खरी माहिती मिळेल.

काठावर उभं राहून

गुणसूत्रं मोजायची सोय ओढ्यावर नसते. पण संशय धरण्याइतकी ओळख तिथेच होऊ शकते, आणि ती फुलांच्या ऐन बहरात होत नाही. ऐन बहरात सगळी माकडफुलं आपलं सर्वांत फसवं रूप दाखवत असतात. हंगाम सरताना जावं, खालची फुलं गळून बोंडं वाळू लागली की. आधी लव बघावी, मग घसा, मग डाग; त्यावरून झाड गुटॅटस, ल्युटियस की मधलं हे ठरवावं. मधलं वाटलं तर एका झाडावर न थांबता चार-पाच झाडांची वाळलेली बोंडं तळहातावर चुरडावीत. भुसा निघाला तर रॉबर्ट्सी. धुळीसारखं बारीक, भरलेलं बी निघालं तर तिथेच थांबून जागेची अचूक नोंद करावी, पाना-फुलांसकट बोंडांचा फोटो घ्यावा, दाबलेला नमुना आणि थोडं बी एखाद्या वनस्पती-संग्रहालयाकडे किंवा या प्रजातीवर काम करणाऱ्यांकडे पोचवावं. बुटांना चिकटलेला गाळ आणि खोडाचे तुकडे त्याच ओढ्यावर झटकून पुढे निघावं, नाहीतर पुढच्या ओढ्यावरचं माकडफूल आपणच लावलेलं असायचं.

उत्तरेला शेटलंड बेटांवर २०१७ मध्ये आणखी एक नोंद झाली. क्वार्फ इथल्या गुटॅटसमध्ये, या वेळी कुठल्याही संकराशिवाय, एकाच जातीतला संच दुप्पट झालेला आढळला. फूल गुटॅटसचंच होतं.